वाळूची गाडी अडवली तेव्हा

मी मूळचा उरवड्याचा. तलाठी म्हणून बरीच नोकरी भीमेकाठच्या गावांत झाली. आता निवृत्त होऊन गावी आलोय. भावकीतली एक मुलगी नुकतीच ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचं तलाठ्याचंच पद, म्हणून रुजू झाली. तिच्यासारख्यांसाठी हे लिहितोय.

2018 सालचा उन्हाळा. नदीत सक्शन बोटी लावून रात्रभर वाळूउपसा चालायचा. एका रात्री कोतवालाचा फोन आला, हायवा भरून निघालाय. मंडल अधिकारी, कोतवाल आणि मी निघालो. पोलीस बंदोबस्त मागितला होता, मिळाला नाही.

बंधाऱ्याजवळ गाडी अडवली. परवाना मागितला, तर चालकाने फोन पुढे केला. "मालकाशी बोला." मी फोन घेतला नाही. तेवढ्यात मागून बिननंबरची जीप आली. उतरलेल्यांपैकी एकाच्या हातात कोयता, बाकीच्यांकडे गज. मंडल अधिकारी शूटिंग करत होते, आधी त्यांचा मोबाईल हिसकावला. मी मध्ये पडलो, तर गज मनगटावर बसला. चालकाने ट्रॉली उचलून सगळी वाळू रस्त्यात ओतली आणि गाडी पळवली. जीपही गेली.

मला त्या वेळी यशवंत सोनवणे साहेब आठवले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ तेलमाफियांनी त्यांना जिवंत जाळलं होतं. माझे पाय लटपटत होते. घरी मात्र पडलो म्हणून सांगितलं.

उपयोगी पडली ती ओली वाळू. ढिगाखालून अजून पाणी वाहत होतं. वाळू नुकतीच नदीतून काढलेली आहे, हे पंचनाम्यात तिथेच लिहिलं. टायरच्या खुणांचे फोटो कोतवालाच्या मोबाईलवर काढले. त्याच रात्री फिर्याद दिली आणि सरकारी दवाखान्यात जाऊन जखमेचा दाखला घेतला. सकाळी जाऊ, असं सगळे म्हणत होते. पण सकाळपर्यंत ढीग उचलला गेला असता आणि समजूत घालणारेही दारात आले असते. ते आलेच, पण तोवर गुन्हा नोंदला होता.

पुढे खटला रेंगाळला. गावातला एक पंच फितूर झाला. त्याला मी दोष देत नाही, त्याला तिथेच राहायचं होतं. साक्षीला माझी बदली होऊन काळ लोटला होता. जपून ठेवलेल्या कागदांच्या प्रतींवरूनच मला तपशील नीट सांगता आले.

सरकारी कर्मचाऱ्यावरच्या हल्ल्यासाठी तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 353 होतं. महाराष्ट्राने त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली होती. 1 जुलै 2024 पासून त्याजागी भारतीय न्याय संहितेचं कलम 132 आलं आणि त्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंतच आहे. हे मला पटत नाही. राज्याने ती पुन्हा वाढवावी. आणि पोरांनो, बंदोबस्त मिळाल्याशिवाय रात्री गाडी अडवायला जाऊ नका. बंदोबस्ताची मागणी लेखी करा आणि पोच घ्या.