दिसेनासा झालेला प्रिंटर

राउटर बदलला आणि बाबांच्या डेस्कटॉपला यूएसबीने जोडलेला प्रिंटर घरातल्या बाकीच्या संगणकांना दिसेनासा झाला. डेस्कटॉपवरून छापलं जातंय, लेकीच्या लॅपटॉपवरून नाही. म्हणजे प्रिंटर ठणठणीत, अडथळा मधल्या वाटेवर. आज तो सापडला.

नवा राउटर म्हणजे विंडोजच्या लेखी अनोळखी नेटवर्क. बहुतेकदा विंडोज त्याला 'पब्लिक' ठरवतं आणि स्टेशनवरच्या वायफायवर वागावं तसं शेअरिंगचे दरवाजे लावून घेतं. मला हा संशयीपणा पटतो. 'फायरवॉलच बंद करून टाका' असा सल्ला सर्रास मिळतो, त्याचा मात्र राग येतो. त्याच डेस्कटॉपवर बाबांची पेन्शनची, बँकेची कागदपत्रं आहेत! एका प्रिंटसाठी ती उघड्यावर टाकायची?

नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं, 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू केलं, शेअरिंगचा पासवर्ड तसाच ठेवला. लॅपटॉपवर प्रिंटर जोडताना आयपी पत्ता न देता डेस्कटॉपचं नाव दिलं, कारण पत्ता राउटर केव्हाही बदलू शकतो. डेस्कटॉप झोपला की प्रिंटरही गायब होतो, म्हणून स्लीपची वेळ वाढवली.

लेकीचा प्रोजेक्ट छापून झाला. आता बाबांना हयातीच्या दाखल्याची प्रत हवी आहे.