पाच लेईचा माणूस

नोटेवर कोणाचा चेहरा आहे हे आम्ही बँकवाले सोडून फारसं कोणी पाहत नाही. आणि आम्हीही पाहतो ते नोट खोटी नाही ना, एवढ्यासाठीच! पण रुमानियाची पाच लेईची नोट कधी हाती आलीच, तर तिच्यावरच्या गृहस्थांना आधी नमस्कार करा. ते संगीतकार जॉर्जे एनेस्कू.

जन्म 1881 चा. आधीची भावंडं दगावलेली, हेच एक जगलं. सातव्या वर्षी स्वारी व्हिएन्नाच्या संगीतशाळेत दाखल! त्या वयात आमची मजल सातच्या पाढ्यापर्यंतही गेली नव्हती. पुढे पॅरिस. 1901 साली, ऐन विशीत, त्यांनी दोन 'रुमानियन रॅप्सडी' रचल्या. पहिलीची सुरुवात एका पिण्याच्या लोकगीताच्या चालीवर. गाण्यातल्या इसमाकडे एकच लेऊ आहे आणि तो कुठे घालवायचा याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. बचत खात्याच्या दृष्टीने वाया गेलेला माणूस!

पण चाल अशी काही लोकप्रिय झाली की एनेस्कू जन्मभर तिच्याखाली दबले. गवयाने तासभर ख्याल आळवावा आणि मागच्या रांगेतून नाट्यपदाची चिठ्ठी यावी, तशातली गत.

खरे एनेस्कू पुढेच आहेत. 1926 ची तिसरी व्हायोलिन सोनाटा घ्या. त्यात एकही लोकगीत उसनं घेतलेलं नाही, तरी खेड्यातले वादक समोर बसल्यासारखे वाटतात. सूर एकमेकांत घसरतात, जवळजवळ आपली मींडच. लय सैल, पण ती सैलही कशी सोडायची याच्या सूचना कागदावर स्वरास्वराला लिहिलेल्या! आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकाने मान खाली घालावी. 'इडिपस' या ऑपेराला 1910 पासून 1931 पर्यंतची वर्षं लागली. तो पॅरिसला रंगमंचावर आला 1936 साली. क्रमांक दिलेल्या कृती अवघ्या 33. बाकीचा वेळ व्हायोलिन वाजवण्यात, वाद्यवृंद चालवण्यात आणि यहुदी मेनुहिनसारखे शिष्य घडवण्यात गेला. 1955 साली पॅरिसलाच त्यांनी डोळे मिटले.

पूर्वी ते पन्नास हजार लेईच्या नोटेवर होते. 2005 साली सरकारने चार शून्यं उडवली. पन्नास हजारांचे पाच झाले, एनेस्कू जागेवरच!

नोटेची किंमत तिच्यावर छापलेली असते, सोनाटाची मात्र बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. येत्या रविवारी मी तीच लावणार आहे. रॅप्सडी नंतर, अगदीच राहवलं नाही तर.