खिरीची वेलांटी

खीर आणि खिचडी एकाच घरातून निघत नाहीत. खीर लिहायची तर दुसरी वेलांटी, खिचडी लिहायची तर पहिली. रोज कोडं सोडवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तरी दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका दैनिकानं सगळं खाण्यापिण्याचं शब्दकोडं छापलं आणि त्यात आडवी खिचडी, उभी खीर, दोघींचं पहिलं घर एकच. बाकीचं सगळं भरून झालं होतं. त्या घरावर मी पेन टेकवलं आणि तसंच उचललं. खि लिहिली तर खीर बिघडते, खी लिहिली तर खिचडी. माझ्या चौकटीच्या वहीत ते घर अजून कोरं आहे.

आठ वाजता नेहमीप्रमाणे नागपूरहून ताईचा फोन आला.

"झालं का रे?"

"एक घर राहिलं."

"खिरीचं नं? लिहून टाक कोणतीही. चूक त्याची आहे, आपली थोडीच."

"मी लिहिली की माझी होते."

ती जरा थांबली. "अरे, खिरीत साखर घातली की तिचीही पहिलीच होते. खिरीत, खिरीला, खिरीची. तू भांडून कोणाशी राहिला?"

व्याकरण तिचं बरोबर होतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार, असे अठराही नियम माझ्या टेबलावर असतात, पण तिला ते कधी उघडावे लागले नाहीत. मीठ, पण मिठाला. तूप, पण तुपात. दूध, मूग, पीठ, सगळ्यांचं तेच. जिन्नस डब्यात असतो तोवर दीर्घ, वापरायला काढला की ह्रस्व. पण कोड्याच्या उत्तरात शब्द डब्यातच असतो, त्याला प्रत्यय लागलेला नसतो, आणि म्हणून खीर तिथं दुसऱ्याच वेलांटीची हवी. हे मी तिला त्या दिवशी पंधरा मिनिटं समजावलं. जे तिनंच मला शिकवलं होतं ते.

आमच्या घरात कोडं बाबांनी आणलं. ते नागपूरच्या सचिवालयात होते. 1 नोव्हेंबर 1956 ला भोपाळ राजधानी झाली आणि फायलींच्या पेट्यांसोबत नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबं इकडे आली, त्यांत आम्ही. तात्या टोपे नगरात सरकारी क्वार्टर मिळालं. मी सहा वर्षांचा, ताई बारा. नागपूरचं वर्तमानपत्र जी. टी. एक्सप्रेसनं एक दिवस शिळं होऊन यायचं आणि कोडं मात्र ताजंच असायचं. बाबांना त्याआधी बक्षिसी कोड्यांचा नाद होता. 1955 च्या कायद्यानं बक्षिसावर महिन्याला हजार रुपयांची आणि प्रवेशिकांवर दोन हजारांची मर्यादा आली. 1957 मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशा स्पर्धांना जुगारच म्हटलं, कारण तिथं शब्द ओळखून भागत नव्हतं, आयोजकानं आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी आपलं उत्तर जुळावं लागे. बाबांनी पैसे लावणं सोडलं आणि त्यातून एक नियम घरासाठी ठेवला: दोन उत्तरं सारखीच बसत असतील तर ते कोडं नव्हे, तो जुगार.

'उपवासाला चालतो, चार घरं.' साबुदाणाही बसतो, शेंगदाणाही बसतो, शेवटची दोन घरंसुद्धा सारखी. छेद देणाऱ्या उभ्या शब्दानंच न्याय करायचा. उभा शब्द पहिल्या दोन घरांतून जात नसेल, तर रचणाऱ्यानं सोडवणाऱ्याला फसवलं असं मी समजतो.

खाण्याच्या कोड्यात हा जुगार फार चालतो, आणि तो चालतो कारण रचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच स्वयंपाकघर असतं. 'उपवासाचा भात, तीन घरं.' ताईनं भगर लिहिली. विदर्भात दुसरं काय लिहिणार? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, वरई. 'सांबार' या उत्तराला 'इडलीसोबत' अशी ओळख होती, आणि ताईच्या नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, जिची वडी होते. ती एवढंच म्हणाली की याला कोणी नागपुरी जेवायला घातलेलं दिसत नाही. मी मात्र संपादकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मी अशी एकूण अकरा पत्रं लिहिली आहेत.

इथल्या क्लबात इंग्रजी कोडी सोडवणारी मंडळी भेटतात. आमच्या भाषेतलं कोडं म्हणजे मुलांचा खेळ, अशी त्यांची समजूत आहे आणि ती मला लागते. आर्थर विननं 21 डिसेंबर 1913 ला न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये पहिलं कोडं छापलं तेव्हा त्याच्या हाताशी 26 अक्षरं होती. आमची 34 व्यंजनं बाराखडीत घाला, 408 होतात. त्यावर आंब्याचा आं, शेंगदाण्याचा शें, आणि जोडाक्षरं वेगळीच. दोन शब्दांचा छेद जमवायचा तर या एवढ्यांतून नेमका एक आकार दोन्ही शब्दांत यावा लागतो. म्हणून आमच्या चौकटीत काळी घरं जास्त दिसतात. ज्यानं ती कमी करण्यात एक रात्र घालवली आहे, त्याला त्यांची लाज वाटत नाही.

आणि शब्दांशी खेळायचं म्हटलं तर आमच्याकडे काय कमी आहे? 'हे गिळले की तोंड बंद, दोन घरं': मूग. 'डाव उलटला की तळायला घ्यावा, दोन घरं': वडा. डाव हा खेळातलाही आणि वरण वाढायचाही, आणि उलटा वाचला की वडा. ही ओळख माझी. ती सुचली त्या दिवशी मी न्यू मार्केटपर्यंत चालत गेलो आणि परत आलो, कोणाला तरी सांगावं म्हणून. आता कोड्यांत नटनट्यांची आणि क्रिकेटवाल्यांची नावं भरतात. नाव एक तर माहीत असतं नाहीतर नसतं, त्यात डोकं कुठं लागतं? वेलांट्यांकडे तर बघायचंच नाही, असा काही ठिकाणी रिवाजच पडला आहे. खि आणि खी एकच धरायची असेल, तर मग दिन आणि दीनही एकच धरा.

खीर-खिचडीच्या त्या सकाळनंतर मी ठरवलं, आपण असं कोडं रचायचं की ज्यात सगळे शब्द खाण्याचे असतील, अकरा बाय अकराची चौकट असेल आणि एकही वेलांटी खोटी नसेल. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी. मधोमध खीर, कारण बारसं असो की श्राद्ध, ती लागतेच.

तूर आणि तूप पहिल्याच घरात भेटली. एक आडवी, एक उभं. एवढा स्वच्छ छेद मला आयुष्यात दुसरा मिळाला नाही. मिठासाठी बदामी सापडली, तिच्या शेवटच्या मीमधून मीठ खाली उतरलं. पिठाला थालीपीठ चालत होतं, पण पिठाला पिठानंच छेद देणं म्हणजे स्वतःच्याच खिशातून उसने घेणं. ते काढलं. मूग सोडावा लागला. खीर मात्र अडली. खी कुठंच मिळेना.

खिमा पहिल्या वेलांटीचा. बटाट्याच्या किसाला कोणी खीस म्हणतात, पण आमच्याकडे किसणीवर किसतात तो कीस, आणि इथं गाडीवर मिळतो तोही भुट्टे का कीस. ऐकीव खकारावर मी चौकट उभी करणार नाही. ओळखी, सुखी असे शब्द होते, पण ते ताटात येत नाहीत. सकाळ गेली की संध्याकाळी पुन्हा तेच. जेवताना पत्नी पानात काही वाढायची तेव्हा मी त्याच्या नावात खी शोधायचो.

हिंदीत हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि भोपाळच्या मराठी माणसाचं दुखणं इथंच आहे. माझी नात सातवीत आहे, तिची शाळा हिंदी-इंग्रजीतली. वहीत डोकावून म्हणाली, "आजोबा, खीरा लिहा की! नाहीतर खील." दिवाळीत इथं फुटपाथवर खील-बताशांचे ढीग लागतात, तिच्या डोळ्यांपुढे ते आले. मी तिला काकडी आणि लाह्या लिहून दाखवल्या. मग ती जीरा, पूरी, मूली म्हणत गेली आणि मी जिरे, पुरी, मुळा लिहीत गेलो. तिची वेलांटी दुसरी, माझी पहिली. तिचा ऊकार दीर्घ, माझा ह्रस्व. तिचा पोहा, माझे पोहे. तिची जलेबी, माझी जिलबी. सत्तर वर्षं मी हिंदी पाट्यांखालून चालतो आहे, आणि आता कधी कधी पुरी लिहिताना माझाही हात दीर्घाकडे जातो. तेवढ्यासाठी मी पेन्सिल वापरत नाही. शाईनं लिहिताना हात थांबतो, थांबला की विचार होतो.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेला ताईच्या राखीचं पाकीट आलं. राखीसोबत वहीच्या कागदाचा तुकडा होता. त्यावर तिच्या किरट्या अक्षरात: 'नारळीभाताच्या दिवशी मनगटावर, दोन घरं. बघ, खी मिळाली.'

राखी. दुसरं घर खी, आणि तिथून खाली खीर. वेलांटी खरी, आणि राखीपौर्णिमेला आमच्याकडे नारळीभात असतोच. मला ते एका क्षणात दिसलं. आणि मी फोन करून तिला सांगितलं की राखी हा खाद्यपदार्थ नाही, सगळे शब्द खाण्याचेच हवेत, नियमात बसत नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या शब्दाकडे वळली.

नियम माझाच होता, मीच केलेला. तिचं उत्तर मी नाकारलं ते नियमासाठी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच की वर्षभर मी जे शोधत होतो ते तिला सापडलं होतं.

हे एकदाच घडलेलं नाही. मंडळाच्या जुन्या एका अंकात माझं कोडं आलं होतं. त्यात एक ओळख फार गाजली: 'कोणत्याही बाजूनं मळा, तीन घरं.' कणीक. उलट वाचा, सुलट वाचा, कणीकच. लोकांनी थांबवून कौतुक केलं, वार्षिक सभेत शाल दिली. ती ओळख ताईची होती. पोळ्या करता करता फोनवर सुचलेली. मी शाल घेतली आणि तिचं नाव घेतलं नाही. तिला अंक पाठवला, तिनं वाचला, आणि त्या कोड्यातल्या दोन चुका मात्र मला सांगितल्या. कणकेबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. तोंडात मूग होते ते तिच्या, आणि मुगाची ओळख लिहिणारा मी.

माघात ताई गेली. काही दिवस मी मोबाइलवरचं कोडं वहीत उतरवूनच घेतलं नाही. मग पुन्हा घेऊ लागलो, पण आठ वाजता वही मिटतो. अडलेलं घर बोलता बोलता सुटायचं, ते आता सुटत नाही. डोळेही पूर्वीसारखे नाहीत. मोबाइलवर पहिली वेलांटी आहे की दुसरी हे नातीला विचारावं लागतं. तिनं सांगितलं की मी पुन्हा एकदा विचारतो. ती आता न विचारताच सांगते, "आजोबा, दुसरी."

या श्रावणात नागपूरहून पाकीट आलं नाही. नारळी पौर्णिमेच्या सकाळी मी चौकट काढली, राखी आडवी घातली, तिच्या खीमधून खीर खाली सोडली. बाकीचे शब्द तीन दिवसांत बसले. इतकी वर्षं न बसणारी चौकट तीन दिवसांत. त्यात कणीकही आहे, तिच्याच ओळखीसह. भगर आहे, आणि तिचं पहिलं घर भाकरीतून जातं, त्यामुळे...

नाही, हे मी दोनदा तपासलं आणि खोडलं. भगरीचा भ आणि भाकरीचा भा एक नव्हेत. तिथं आता भगर आडवी आहे आणि तिच्या मधल्या गमधून गवार उतरते. सांबारची ओळख मी 'वडीतली कोथिंबीर, नागपुरी' अशी दिली आहे.

हे कोडं या दिवाळीत मंडळाच्या अंकात येईल. खाली दोन नावं असतील, ताईचं पहिलं. राखी खाद्यपदार्थ नाही, हे मला आजही मान्य आहे, आणि जो वाचक तसं पत्र लिहील त्याला मी उत्तर देईन. तुमच्या घरच्या ताटात खी असलेला एखादा मराठी पदार्थ असेल तर जरूर कळवा. फक्त पाठवण्याआधी वेलांटी पाहून घ्या. दुसरीच हवी.