अडीच ग्रॅम

आमच्या घराच्या मागील अंगणात पावाची भट्टी होती. आजोबांनी बांधलेली आणि पुढे बाबांनी चाळीस वर्षे पेटती ठेवलेली. वसईतील आमच्या गावात पहाट आधी भट्टीच्या धुराने होई आणि मग चर्चच्या घंटेने. पहिल्या मिस्साला निघालेली माणसे आमच्या दारावरून जात, आणि मिस्सा संपवून परतताना कागदात बांधलेली गरम लादी घेऊन घरी जात. शाळेत जाण्यापूर्वी उरलेल्या लाद्या सायकलवरून आळीआळीत पोहोचविणे हे माझे काम होते. माझ्या पिढीतील अर्धे गाव आमच्या पावावर वाढले, असे म्हटले तर ती फुशारकी ठरू नये. म्हणूनच आज जी गोष्ट सांगणार आहे ती केवळ माझ्या घरची नाही.

आजोबांच्या काळी पीठ माडीने फुगवीत. त्याला सारी रात्र लागे. बाबांच्या हाती भट्टी आली तेव्हा यीस्ट आले होते, गिऱ्हाईक वाढले होते आणि रात्र मात्र तेवढीच राहिली होती. त्यातून मैद्याचा काही नेम नसे. एका पोत्याचे पीठ हाताला ताठ लागे, तर दुसऱ्याचे लिबलिबीत. लादी भट्टीत बसली की दिवसाची कमाई बसली. ऐंशीच्या दशकात एका व्यापाऱ्याने बाबांना एक पांढरी पावडर दिली. ‘ही चिमूटभर घाला, पाव पडणार नाही,’ असे त्याने सांगितले, आणि खरोखरच पाव पडेना. ती पावडर कागदी पुडीत येई. पुडीवर नाव नाही, प्रमाण नाही. ती आणायला बाबा मलाच पाठवीत. त्या काळी पावडर म्हणजे पावडर. तिचे नाव विचारावे असे आम्हां कोणालाच वाटले नाही. पुढे ती प्लॅस्टिकच्या डब्यातून येऊ लागली तेव्हा डब्यावरील अक्षरे मी प्रथमच वाचली : पोटॅशियम ब्रोमेट. वाचली आणि विसरलो.

२०१६ च्या मे महिन्यात ती अक्षरे पुन्हा समोर आली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तेथील बाजारातून पाव, ब्रेड, बन असे ३८ नमुने तपासले होते, आणि त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा पोटॅशियम आयोडेट, वा दोन्ही, आढळली होती. बाबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. भट्टी बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांची नजर अधू झाल्याने रोजचे वर्तमानपत्र मीच त्यांना वाचून दाखवीत असे. बातमी वाचून झाली. बाबा काही वेळ स्वस्थ बसले. मग म्हणाले, “ही आपलीच पावडर का रे?”

मी होय म्हटले.

“म्हणजे मी गावाला विष घातले?”

मी शिक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. हजारो प्रश्नांना उत्तरे दिली. या प्रश्नापुढे मात्र माझी वाचा बसली. “वाचून सांगतो,” एवढेच मी म्हणालो. पुढील काही आठवडे जे मिळाले ते वाचले. त्याचे सार वाचकांपुढे ठेवतो.

गव्हाच्या पिठातील चिकट प्रथिनांचे धागे पोटॅशियम ब्रोमेटमुळे एकमेकांशी घट्ट बांधले जातात. त्यामुळे यीस्टने निर्माण केलेला वायू पिठात कोंडून राहतो आणि पाव उंच व हलका होतो. भट्टीच्या उष्णतेने या ब्रोमेटचे ब्रोमाइड बनते, आणि तेवढ्या अल्प प्रमाणात ते निरुपद्रवी समजले जाते. मात्र पावडर जास्त पडली, किंवा पाव पुरेसा भाजला गेला नाही, तर ब्रोमेटचा काही अंश पावात तसाच उरतो.

अन्नात मिसळण्याच्या पदार्थांची सुरक्षित मर्यादा कशी ठरवितात, हेही या निमित्ताने समजले. प्राण्यांना ज्या मात्रेपर्यंत काहीच अपाय होत नाही ती मात्रा शोधायची, आणि तिचा साधारणपणे शंभरावा भाग माणसासाठी रोजची मर्यादा मानायची, अशी ही रीत आहे. परंतु जो पदार्थ पेशीतील आनुवंशिक द्रव्यालाच इजा करून कर्करोग निर्माण करू शकतो, त्याच्या बाबतीत ही रीत लंगडी पडते. १९८२ मध्ये जपानी संशोधकांना ब्रोमेट दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांत कर्करोगाच्या गाठी आढळल्या. ब्रिटनने १९९० मध्ये त्यावर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९२ मध्ये पिठात त्याचा वापर उचित नसल्याचा निर्णय दिला. कॅनडाने १९९४ मध्ये त्याला नकार दिला. १९९९ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, मानवाला कर्करोग होण्याचा संभव असलेल्या पदार्थांत त्याची गणना केली. आपल्या देशात बंदी आली ती २०१६ च्या जूनमध्ये, वर सांगितलेल्या बातमीनंतर महिन्याभरात. अमेरिकेसारख्या देशानेही देशभराची बंदी न घालता बेकरीवाल्यांना ते स्वेच्छेने सोडण्याची विनंती करण्यावरच वर्षानुवर्षे समाधान मानले. तेथील कॅलिफोर्निया राज्याने मात्र २०२३ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२७ ही बंदीची तारीख ठरविली.

या साऱ्या वाचनात मला एका लहानशा गणिताने सर्वाधिक अस्वस्थ केले. बंदीपूर्वी आपल्या नियमांनी पावाच्या मैद्यात दहा लाख भागांस ५० भाग ब्रोमेट घालण्याची मुभा दिली होती. म्हणजे किलोला ५० मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या पोत्याला अडीच ग्रॅम. आमच्या बेकरीच्या तराजूचे सर्वांत लहान वजन पन्नास ग्रॅमचे होते! बाबांचे माप म्हणजे त्यांची चिमूट. पावसाळ्यात पीठ नरम वाटले तर दोन चिमटी. कायदा दिल्लीत कागदावर अडीच ग्रॅम लिहीत होता आणि आमच्या परातीत किती पडत होते हे सांगणारे कोणी नव्हते. जी मर्यादा पाळणाऱ्याला मोजता येत नाही, ती मर्यादा असूनही नसल्यासारखी. पावडरीवर बंदी आली हे योग्यच झाले. पण पुडीवर नाव व प्रमाण लिहिण्याची सक्ती आणि आमच्यासारख्या भट्टीपर्यंत येऊन दोन शब्द समजावून सांगणारा निरीक्षक, एवढे जरी तेव्हा मिळाले असते तरी बाबांनी ते ऐकले असते. ते हट्टी नव्हते; त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

हे सारे मी बाबांना सांगितले. त्यांना खोटा दिलासा देणे मला जमले नाही आणि ते त्यांना आवडलेही नसते. मी म्हणालो, “बाबा, विष घातले असे म्हणता येणार नाही. ते घालायची परवानगी होती आणि त्याने गावातल्या कोणाला काही झाले असे दाखविता येणार नाही. पण ते नसते घातले तर बरे झाले असते, हेही खरेच.”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुझ्या आजोबांचा पाव बसका असायचा. लोक नावे ठेवायचे. मला ते सहन झाले नाही.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “आता काय घालतात?”

मी सांगितले की ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपल्या आवळ्यातील क जीवनसत्त्वच, तेच काम सुरक्षितपणे करते. आणि पिठाला आजोबांसारखी पुरेशी रात्र दिली तर तेही अनेकदा लागत नाही. बाबा हसले. तीन वर्षांनी ते प्रभूच्या घरी गेले. मरेपर्यंत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मात्र पावाचा तुकडा हाती घेतला की तो नाकाशी नेऊन पाहण्याची नवी सवय त्यांना जडली होती.

वेष्टनावरील क्रमांक पाहून घाबरून जाऊ नये, हेही मी या प्रकरणातून शिकलो. क्रमांक म्हणजे गुन्हा नव्हे. ३०० क्रमांक हे क जीवनसत्त्व आहे आणि ५०० क्रमांकात आपला खाण्याचा सोडा येतो. पोटॅशियम ब्रोमेटचा क्रमांक आहे ९२४. हा आकडा वाचताना मी थबकलो, कारण कॅनन कायद्याचे ९२४ वे कलम मला ठाऊक होते. मिस्सासाठी वापरायची भाकर केवळ गव्हाचीच असावी आणि ती ताजी, नासण्याचा धोका नसलेली असावी, असे १९८३ च्या संहितेतील ते कलम सांगते. हा निव्वळ योगायोग. त्यातून कोणताही संकेत काढण्याचा माझा मानस नाही. पण वेदीवरील भाकरीत काय असावे हे जर आपण इतक्या काळजीने सांगतो, तर ज्या रोजच्या भाकरीसाठी आपण प्रभूपाशी प्रार्थना करतो, तिच्यात काय आहे हे विचारण्याचा आपल्याला संकोच का वाटावा?

पाकीटबंद ब्रेडवर घटकांची यादी छापावी लागते. सुट्या लादीवर काहीच छापलेले नसते, आणि आपल्या बहुतेक घरांत येते ती सुटी लादी. तेथे विचारणे हाच उपाय. गेल्या नाताळाआधी मी आमच्या नाक्यावरील तरुण बेकरीवाल्याला विचारले, “पिठात काय घालतोस रे?” त्याला राग आला नाही. त्याने आतून डबा आणून माझ्यापुढे धरला. त्यावर नाव होते, प्रमाण होते, परवाना क्रमांक होता. डब्याच्या बाजूला एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवलेला होता. तो ग्रॅमचा दहावा भागही दाखवीत होता.

“काका, असे आजवर कोणी विचारले नव्हते,” तो म्हणाला.

मी एक लादी घेतली. घरी येऊन ती नाकाशी नेली आणि मग खाल्ली.