हायलाइट्सवाला घोडा

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, स्वारी थेट सलूनमधूनच आलीये! मानेवर ब्रशसारखी ताठ उभी आयाळ, दोन्ही बाजूंनी पांढरट आणि मधोमध काळीभोर रेघ. अंगाचा रंग भरपूर दूध घातलेल्या चहासारखा. पायांवर चक्क झेब्रासारखे पुसट पट्टे. आणि चेहऱ्यावर भाव असे, की 'फोटो काढून झाला असेल तर मी गवत खाऊ का?'

हा नॉर्वेचा फ्योर्ड घोडा. तिथले लोक त्याला 'फ्योर्डिंग' म्हणतात. तुम्हीही त्याला कदाचित पाहिलं असेल. डिस्नेचा २०१३ चा 'फ्रोझन' आठवतोय? त्यातल्या राजपुत्र हान्सचा सिट्रॉन याच जातीचा!

नॉर्वे म्हटलं की आपण मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्सच्या मागे धावतो. मी मात्र मे महिन्याच्या सुरुवातीला बर्गनहून बस पकडली आणि उत्तरेला नॉर्डफ्योर्डाइड नावाच्या छोट्याशा गावी निघालो. वाटेत बससकट फेरीबोटीत चढून सोग्नेफ्योर्ड ओलांडायचा. याच मार्गावर २०१५ मध्ये जगातली पहिली पूर्णपणे बॅटरीवर चालणारी कार-फेरी सुरू झाली. खिडकीबाहेर सरळ पाण्यात उतरलेले डोंगर, माथ्यावर बर्फ आणि उतारावर कसंबसं चिकटून बसलेलं एखादं शेत. तिथे बैलगाडी सोडाच, माणूस सरळ उभा राहील की नाही अशी शंका येते. असल्या शेतात नांगर कोण ओढणार? लाकडाचे ओंडके उतारावरून खाली कोण आणणार? रविवारी घरच्या मंडळींना चर्चला कोण नेणार? या सगळ्याचं उत्तर एकच, आपला हायलाइट्सवाला.

उंचीला तसा बुटका. खांद्यापर्यंत साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर. पण मान जाड, पाय भक्कम आणि स्वभाव एकदम थंड. मानेवरची ती काळी रेघ तिथेच थांबत नाही, पाठीवरून शेपटीपर्यंत जाते. आयाळ वाढू दिली तर लांब होऊन खाली लोंबते. म्हणून ती आखूड कापतात, आणि बाजूचे पांढरे केस जरा जास्तच छाटतात, म्हणजे मधली काळी रेघ उठून दिसते. सलूनचा माझा अंदाज अगदीच चुकला नव्हता तर!

या गावात १८८६ पासून या जातीच्या घोड्यांचं प्रदर्शन भरतं. प्रदर्शन कसलं, अप्रेझलच म्हणा ना. एकेक नर घोडा परीक्षकांसमोर येतो. आधी शांत उभा राहतो, मग चालून दाखवतो, मग दुडक्या चालीनं धावतो. पाय सरळ पडतात का, बांधा कसा आहे, आजूबाजूच्या गडबडीत डोकं ठिकाणावर राहतं का, सगळं बारकाईनं तपासलं जातं. पास झाला तरच पुढची पिढी जन्माला घालायची परवानगी. आपल्या ऑफिसातलं अप्रेझल त्यामानाने फारच सोपं असतं, बॉस.

हा सगळा काटेकोरपणा कशासाठी, ते या जातीचा इतिहास ऐकल्यावर कळलं. एकोणिसाव्या शतकात काही शेतकऱ्यांना वाटलं, आपला घोडा लहान पडतोय, जरा अपग्रेड करू या. नॉर्वेच्याच पूर्व भागातली 'ड्योल' नावाची मोठ्या अंगाची जात होती. तिच्याशी संकर सुरू झाला. मनासारखं काही झालं नाही. पुढच्या पिढ्यांत नको ते रंग यायला लागले, ओळखीचा बांधा आणि तो गुणी स्वभावही हरवायला लागला. शेवटी १९०७ मध्ये ठरलं, संकर बंद. जी शुद्ध जनावरं शिल्लक होती त्यांच्यावरच जात पुन्हा उभी करायची. त्यात १८९१ मध्ये जन्मलेला 'न्योल' नावाचा एक घोडा होता, नोंदणी क्रमांक १६६. आज जगात जितके फ्योर्ड घोडे आहेत, त्या सगळ्यांची वंशावळ या एका न्योलपर्यंत जाते.

ऐकायला एकदम फिल्मी वाटतं. पण दुसरं संकट यापेक्षा अवघड होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर फर्ग्युसनचा छोटासा करड्या रंगाचा ट्रॅक्टर शेताशेतात पोहोचला आणि घोड्याची नोकरीच गेली. पर्यटनाच्या कामाचंही तेच. ब्रिक्सडाल हिमनदी बघायला येणाऱ्यांना वर्षानुवर्षं हेच घोडे गाडीत बसवून वर न्यायचे. आता तिथे उघड्या मोटारगाड्या धावतात. संकराची चूक निदान सुधारता आली. इथे तर चूक कोणाचीच नव्हती. कामच संपलं, आणि काम नसलेला घोडा पोसणार कोण? आज नॉर्वेच्या तिन्ही मूळच्या घोड्यांच्या जाती धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहेत. त्यातली ही एक. शिंगरं जितकी कमी जन्मतात, तितकी जवळच्या नात्यातली नसलेली जोडी जुळवणं कठीण होत जातं.

मग मीही एक दिवस घोड्यावर बसलो. खरं सांगायचं तर मला घोड्याची भीती वाटते. लगाम हातात आला तेव्हा तळवे घामानं ओले झाले होते. तो मात्र ढिम्म. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक ट्रक आमच्या शेजारून धडधडत गेला. मी दचकलो, त्याने फक्त एक कान फिरवला. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, माझे खांदे खाली आले होते आणि तासाभरात मी एकदाही मोबाइल पाहिला नव्हता. घाबरणाऱ्या मुलांना आणि आजारातून उठणाऱ्या माणसांना उपचार म्हणून याच घोड्यावर का बसवतात, ते तेव्हा पटलं. ज्या स्वभावासाठी १९०७ मध्ये संकर थांबवला, तोच आता त्याला नवी नोकरी मिळवून देतोय.

जायचं असेल तर शेंगेन व्हिसा चालतो. घोड्यांचं प्रदर्शन बघायचं असेल तर मेची सुरुवात गाठा. गावापासून जवळच हॉर्निंडाल तळं आहे, ५१४ मीटर खोल, युरोपातलं सर्वांत खोल. सागास्टाडमध्ये वायकिंग काळातल्या मिक्लेबुस्ट जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृतीही बघा. नॉर्वे महाग आहे, खिसा हलका होणारच. पण घोड्यावरच्या रपेटीचे पैसे देताना कुरकुर करू नका. तोच आता त्याचा पगार आहे.