निरामिष आमिष

‘आमिष’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस. पुढें भुलविण्याच्या वस्तूसही तोच शब्द लागूं लागला. मांसाचा लवलेश नसलेलें आमिष असें कोणा विद्यार्थ्यानें लिहिलें असतें, तर आमच्या शिक्षकीच्या दिवसांत आम्हीं तो वदतोव्याघात ठरवून खालीं तांबडी रेघ ओढली असती. परंतु अशीं निरामिष आमिषें आम्हीं स्वतः हाताळलीं. इतकेंच नव्हे, तर त्यांपैकीं एकाचा नाशही केला. ती हकीकत वाचकांस निवेदन करावी असें वाटतें.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही चिरंजिवांकडे अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत राहिलों होतों. त्या प्रांतीं सरोवरें उदंड, आणि गळ टाकून मासे धरणें हा तेथील लोकांचा आवडता विरंगुळा. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. आम्हांस सुतारकामाची थोडी आवड आहे हें कळतांच त्यांनीं एके दिवशीं पत्र्याची एक पेटी आणून आमच्यापुढें ठेविली. आंत वीतभराहूनही लहान असे लांकडी मासे होते. कांचेचे डोळे, पोटाखालीं तिहेरी गळ, आणि शेपटाशीं पाण्यांत गरगर फिरणारें धातूचें पातें. जेम्स हेडन नांवाच्या मधमाशा पाळणाऱ्या गृहस्थानें याच राज्यांतील डवाजॅक गांवीं अशा माशांचा कारखाना काढिला. १८९८ सालीं तळ्याकांठीं बसल्या बसल्या कोरलेला लांकडाचा तुकडा त्यानें सहज पाण्यांत फेंकला आणि खऱ्या माशानें त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका सांगतात. पेटींतील मासे शेजाऱ्यांच्या वडिलांचे होते.

रोगणास बारीक तडे गेलेले, रंग ठिकठिकाणीं उडालेला. एकाच्या पाठीवर तर खोल ओरखडेही होते. मुलांच्या वह्यांतील खाडाखोड आम्हांस कधीं खपली नाहीं. तोच स्वभाव येथें आडवा आला. ओरखड्यांचा तो मासाच आम्हीं प्रथम उचलला. कांचकागदानें घांसून जुना रंग पार काढिला, ओरखड्यांत लांबी भरली, हिरवा रंग दिला, वर जाळी धरून फवाऱ्यानें खवले उमटविले आणि शेवटीं रोगण चढविलें. आठ दिवसांनीं तो चकचकीत मासा आम्ही मोठ्या डौलानें घेऊन गेलों.

“फार सुबक झाला,” ते म्हणाले. परंतु त्यांचा आंगठा माशाच्या पाठीवरून पुनः पुनः फिरत होता. कांहीं वेळानें त्यांनीं हळूच विचारिलें, “दांतांच्या खुणा गेल्या काय?”

त्या खुणा पाइक जातीच्या एका मोठ्या माशाच्या होत्या. नऊ वर्षांचे असतां ते वडिलांबरोबर होडींतून गेले होते. त्या दिवशीं तो मासा गळास लागला आणि निसटून गेला. पुढच्याच हिवाळ्यांत वडील वारले. एवढें सांगून ते आम्हांस चहाचा आग्रह करूं लागले. रागाचा एक शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाहीं. आम्हांस मात्र तेथें बसवेना.

मागाहून आम्हीं या विषयाची माहिती मिळविली. जाणते संग्राहक मूळ रंगास, तो कितीही झिजलेला असो, मोल देतात. नव्यानें रंगविलेल्या माशाची किंमत उतरते. सौम्य साबणाच्या पाण्यांत बुडवून घट्ट पिळलेल्या कापसाच्या बोळ्यानें मळ तेवढा टिपावा, तोही आधीं पोटाच्या बाजूस लहानशा जागीं करून पाहून. भेगांत पाणी शिरूं देऊं नये. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें, म्हणून घांसणें प्रकृतीसही अपायकारक.

परंतु यांतील मुख्य तत्त्व आम्हांस आधींच ठाऊक असावयास हवें होतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. हस्तलिखितांचा आधार सोडून आपल्या कल्पनेनें श्लोक सुबक करणें संपादकांनीं शक्य तों टाळिलें. जेथें पाठ संशयित, तेथें खालीं नागमोडी रेघ ओढली. हें आम्ही वर्गांत अभिमानानें सांगत असूं. तेंच आम्हीं त्या माशाच्या पाठीवरील अस्सल पाठ पुसून तेथें स्वतःचा प्रक्षेप घातला!

निघण्याच्या चार दिवस आधीं त्या सज्जनांनीं तीच पेटी पुनः आमच्या हातीं दिली. या खेपेस आम्हीं फक्त मळ टिपला आणि प्रत्येक ओरखडा जेथल्या तेथें राहूं दिला. पेटी परत घेतांना ते प्रसन्नपणें हंसले. तो हिरवा मासाही त्यांनीं तींतच ठेविला होता.

घरीं आल्यावर वडिलांची पोथी बांधणाऱ्याकडे नेली. “कडा कुरतडल्या आहेत, समासून कापून सारख्या करूं काय?” त्यानें विचारिलें. त्या समासांत वडिलांच्या हातच्या टिपा आहेत. कांहीं चुकीच्याही आहेत. आम्हीं त्यास सांगितलें, “बाबा रे, कातर बाजूस ठेव. नुसती शिवण घट्ट कर.”