परतीची खेप

पेडणे तालुक्याच्या उत्तर अंगाला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा आणि पश्चिमेला समुद्र. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघालेल्या पार्स्याच्या बाईला शापोरा ओलांडावीच लागायची, आणि शिरोड्याकडे सोयरीक असलेल्या केरीकराला तेरेखोल. तेरेखोल हा गाव तर गोव्याचाच, पण नदीपलीकडचा. गोव्यातून तिथं जायचं तर केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघायची, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा घालायचा. ओहोटीनं पाणी फार उतरलं की फेरी थांबते आणि त्या चार घरांना आपल्याच तालुक्यात जाणं अवघड होतं.

डिचोलीत हीच गोष्ट जरा वेगळ्या तऱ्हेनं घडते. सारमानसहून पलीकडे टोंकेला, नार्व्याहून दिवाडीला, मयेहून चोडणात शिरून पुढे फेरीनं रायबंदरला. डिचोलीच्या माणसाचे पणजीकडे जाणारे जवळचे रस्ते असे पाण्यापाशी येऊन थांबतात. नार्व्याच्या तरीबद्दल मला नेहमी एक गोष्ट आठवते. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. तिथलं देऊळ पाडलं गेलं तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार नार्व्याला आणलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. ज्या पाण्यावरून देव पार झाला त्याच पाण्यावरून आज शाळेची मुलं, दुधाचे कॅन आणि स्कूटरी जातात. देव नेताना होडी वल्हवणारा कोण होता, त्याचं नाव कुठल्याही शिलालेखात नाही. वाहतूक करणाऱ्यांच्या बाबतीत आपला समाज पहिल्यापासून असाच विसराळू आहे, असं मला वाटतं, आणि त्याचं वाईटही वाटतं.

गोव्यातल्या उद्योजकांचा इतिहास काढला की तो खाणींपाशी सुरू होतो. चौगुले, साळगावकर, धेंपे, तिंबलो. पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर खाण व्यवसायातून वर आले आणि मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. ही नावं मोठीच आहेत. पण याच मुलखात दुसऱ्या एका प्रकारचं भांडवल उभं राहत होतं, चिल्लरीचं. कर्ज काढून एक गाडी घ्यायची, तिला परमिट मिळवायचं, टाइमिंग मिळवायचं, भावाला किंवा मेव्हण्याला कंडक्टर करायचं, आणि रोज रात्री चामड्याच्या पिशवीतली नाणी चटईवर ओतून मोजायची. पोर्तुगीज काळापासून गोव्यातली बस ही अशा घरांनी चालवली. लोक तिला कारेर म्हणत, नदीतल्या लाँचला गॅसोलीन म्हणत. रस्ता नदीपाशी संपायचा, त्यामुळे या घरांना नुसत्या रस्त्याचा विचार करून चालायचं नाही. आपली गाडी धक्क्यावर किती वाजता पोचते आणि होडी किती वाजता सुटते, पलीकडे दुसरी गाडी उभी असते की नाही, भरती कधी आहे, हे सगळं एकाच डोक्यात ठेवायला लागायचं. बस आणि फेरी हे दोन धंदे कागदावर वेगळे असतील, प्रवाशाच्या लेखी ती एकच वाट होती.

खनिजाचा आणि माणसाचा धंदा यांतला फरक मला इथं फार महत्त्वाचा वाटतो. डिचोलीच्या डोंगरांतून काढलेली लोहमाती बार्जमध्ये भरली की ती मांडवीतून मुरगावला जाते, तिथून जहाजात, तिथून जपानला किंवा चीनला. तिला परत यायचं नसतं. बार्ज रिकामी परत आली तरी हिशेब सुटतो. पण सकाळी पणजीला सोडलेल्या माणसाला संध्याकाळी घरी आणून सोडावंच लागतं. सकाळची खेप भरून गेली म्हणून बसवाल्याचं काम झालं, असं होत नाही. शेवटची गाडी अर्धी रिकामी असली तरी सुटली पाहिजे; ती सुटणार असं माहीत असतं म्हणून तर सकाळची भरते. या धंद्यात मालक खरं तर विकतो ती परतीची हमी. ज्याला हे लवकर कळलं त्याच्या एका गाडीच्या चार झाल्या.

पत्रादेवीच्या नाक्यावर उभं राहिलं तर दोन वेगळे इतिहास एकमेकांना लागून दिसतात. सीमेपलीकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढे खासगी मोटर कंपन्यांचे मार्ग एकेक करून सरकारकडे गेले. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ले इथल्या प्रवाशाला मग एसटीचीच सवय झाली. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. त्यामुळे इथला बसमालक त्या लाटेतून सुटला, १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतरही राहिला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी निम्म्या तिकिटासाठी मोठं आंदोलन केलं. त्या असंतोषानंतर १९८० मध्ये सरकारी कदंब परिवहन महामंडळ स्थापन झालं. तरीही खासगी बस संपली नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं परमिट मिळणं सोपं केलं आणि एका गाडीचे मालक आणखी वाढले. विद्यार्थ्यांचं म्हणणं रास्त होतं, हे मी ठामपणे म्हणेन. शाळेत जाणारं पोर पूर्ण भाडं कुठून देणार? पण त्याच वेळी आडगावच्या कच्च्या रस्त्यावर पहिली गाडी घालण्याचा धोका कुणी पत्करला होता, हेही विसरून चालणार नाही. आता 'म्हजी बस' योजनेतून खासगी गाड्या कदंबच्या व्यवस्थेत धावतात. चार दशकांनी दोघांना एकमेकांची गरज कळली, याचा मला आनंद आहे.

फेरीचं उलट झालं. गोव्यात नदीवरची फेरी सरकारकडे गेली. नदी परिवहन खात्याच्या फेरीत पायी प्रवाशाला तिकीट नसतं. गरिबाच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती टिकावी. पण खासगी माणूस फेरी उभी करतो म्हणजे काय करतो, ते बघायचं तर कोकणात वर जावं लागतं. २००३ मध्ये डॉ. चंद्रकांत मोकल यांच्या सुवर्णदुर्ग शिपिंगनं दाभोळहून धोपाव्याला मोटरगाड्या नेणारी फेरीबोट सुरू केली. वाशिष्ठीच्या खाडीमुळे दापोली आणि गुहागर समोरासमोर असूनही एकमेकांना परके होते. गाडी न्यायची तर चिपळूणकडून भला मोठा वळसा. पाण्यावरचं अंतर मात्र काही मिनिटांचं. हे अंतर शेकडो वर्षं सगळ्यांना दिसत होतं. तिथं सपाट तळाची बोट आणायची, दोन्ही काठांना रॅम्प बांधायचा आणि पहिल्या दिवशी दोन-चार गाड्याच येतील हे मान्य करून दुसऱ्या दिवशीही वेळेवर बोट सोडायची, याला वेगळा धीर लागतो. पुढे वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा अशा फेऱ्या सुरू झाल्या. आज अलिबागेहून किनाऱ्यानं गोव्याकडे येणारा प्रवासी या बोटींना गृहीत धरून निघतो.

याआधीही असा धीर कोकणानं पाहिला आहे. स्वदेशीच्या काळात बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींना टक्कर द्यायला भारतीय भांडवलावर एक सहकारी नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिकीट काढणाऱ्याला आपण मालक आहोत असं वाटावं, हे किती मोठं यश! आणि त्याच कंपनीची 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाताना मुंबईजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलं असताना कोकणातल्या कितीतरी घरांत अंधार झाला. वाहतुकीच्या धंद्याबद्दल लिहिताना हे बाजूला ठेवता येत नाही. हजारो खेपा नीट झाल्या तरी त्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत आणि एक खेप पिढ्यानपिढ्या लक्षात राहते. हे ओझं घेऊन रोज पहाटे इंजिन सुरू करणाऱ्याला मी साधा व्यापारी म्हणू शकत नाही.

गोव्याला फेरीवाल्यांचं मोल ५ जुलै १९८६ रोजी कळलं. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. जेमतेम दीड दशकाचा पूल. ऐन पावसाळ्यात पेडणे, बार्देश, डिचोलीचा माणूस पुन्हा बेतीच्या धक्क्यावर येऊन उभा राहिला. पूल झाल्यावर जुनी गोष्ट म्हणून विसरलेल्या फेरीबोटींवर सगळा भार आला: नोकरदार, रुग्ण, मासळीच्या पाट्या, परीक्षेला निघालेली मुलं. नवा पूल १९९२ मध्ये होईपर्यंत फेरी चालवणाऱ्यांनी गोव्याच्या राजधानीला उत्तरेशी जोडून ठेवलं. त्या वर्षांतल्या खलाशांचा सत्कार एखाद्या फलकावर तरी व्हायला हवा होता.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा. डिचोलीत दाराशी उभे राहिलेले टिप्पर आणि नदीत नांगरलेल्या बार्ज यांचे हाल सगळ्यांनी पाहिले. कर्जाचे हप्ते थांबत नव्हते. बस मात्र चालूच होती. भाडं कमी, नफा त्याहून कमी, पण साखळीहून म्हापशाला जाणारी माणसं संपली नव्हती. चिल्लरीच्या धंद्याची ताकद मला त्या वर्षांत दिसली.

आता खासगी हात पुन्हा फेरीला लागला आहे. जुलै २०२५ मध्ये रायबंदर–चोडण मार्गावर 'गंगोत्री' आणि 'द्वारका' या रो-रो फेरीबोटी आल्या, त्या खासगी भागीदारीतून. जुन्या फेरीपेक्षा मोठ्या, वेगवान. त्यांचं स्वागत करताना मी एवढंच बघेन की रात्रीच्या शेवटच्या खेपेला प्रवासी कमी म्हणून ती कधी गळत तर नाही ना. आणि पेडण्यात तर नवीच गरज उभी आहे. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. पर्यटकासाठी टॅक्सी आहे, महामंडळाच्या वातानुकूलित गाड्या आहेत. पण पाळी संपवून मध्यरात्री बाहेर पडणाऱ्या सफाई कामगार मुलीला डिचोलीकडच्या वाड्यावर जायचं असतं. तिच्यासाठी, सुरुवातीचे सहा महिने तोटा सोसून, रात्री साडेबाराची एक मिनीबस घालणारा कुणीतरी पेडण्यात किंवा डिचोलीत आज असला पाहिजे. त्याला बँकेनं कर्ज द्यावं, वाहतूक खात्यानं परमिट द्यावं, आणि गावानं त्याच्या गाडीत बसावं.